ख्रू किती महिने राहणार?

1 नोव्हेंबर 2016, मंगळवार. थायलंडमधलं बुरीराम नावाचं गाव, सातवीचा वर्ग, माझा पहिला तास. फळ्यावर नाव लिहून मी वळले तर मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात वर. "ख्रू यू की दुआन?" मला तेव्हा थाईचा गंधही नव्हता, म्हणून मी शेजारी उभ्या असलेल्या थाई बाईंकडे पाहिलं. त्या अवघडल्या, आधी सांगेचनात, मग हळूच म्हणाल्या, ती विचारतेय टीचर किती महिने राहणार.

किती वर्षं नाही, किती महिने.

परवा पुण्यातल्या एका मुलीचा मेसेज आला, ताई, बीएड झालंय, परदेशात शिकवायला जाऊन जग फिरता येतं का, तुम्ही फिरलात ना? असे मेसेज महिन्याला एकदोन येतातच. दरवेळी व्हिसाचं, कागदपत्रांचं सांगून मोकळी होते, पण खरं उत्तर त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नात आहे आणि ते चार ओळीत मावत नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

मी पण फिरायलाच गेले होते, ते आधी सांगते. कराडला आमच्या माडीवर जगाचा नकाशा होता, भूगोलाच्या तासाला वर्गात लावतात तसला, गुंडाळी करायचा. बीएस्सी, बीएड करून पुण्यात एका शाळेत चार वर्षं गणित शिकवलं. पगार आला की खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी थोडे पाठवून हातात जे उरायचं त्यात गोव्याच्या पुढे जाणं शक्य नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं की थायलंडमधल्या बऱ्याच शाळांत इंग्लिश प्रोग्राम म्हणून वेगळी तुकडी असते, तिथे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला परदेशी शिक्षक लागतात. माझा हिशोब ठरला. दोन वर्षं थायलंड, दोन वर्षं व्हिएतनाम, मग जमलं तर आफ्रिका. पगार तिथला आणि सुट्टीत शेजारचे देश बघायचे. (आफ्रिकेचं खूळ आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंमुळे, 1950च्या दशकात सम्राट हैले सेलासींच्या इथिओपियात भारतातून कितीतरी शिक्षक गेले होते हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं.)

नोकरी मिळवताना जे झालं ते लपवणार नाही, कारण जे अजून जायचेत त्यांना ते माहीत पाहिजे. जाहिरातींमध्ये सरळ लिहिलेलं असतं, नेटिव्ह स्पीकर हवा, म्हणजे इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांचा पासपोर्ट. तुमचं गणित कसंय, तुम्ही किती वर्षं शिकवलंत हे नंतर. मी सदतीस ठिकाणी अर्ज केले. एका एजंटने तर फोनवर माझं इंग्रजी छान आहे म्हटलं आणि पासपोर्ट भारतीय आहे कळल्यावर फोन ठेवून दिला. शेवटी जी नोकरी मिळाली तिथे माझा पगार होता 24 हजार बाथ, म्हणजे तेव्हाचे साधारण पंचेचाळीस-पन्नास हजार रुपये, आणि माझ्याच शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, कसलीच शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या गोऱ्या मुलाला 36 हजार. त्या मुलाशी माझं भांडण नव्हतं, त्याने जाहिरात लिहिली नव्हती. पण मला ते लागलं आणि अजूनही लागतं. आमच्या स्टाफरूममध्ये सात परदेशी शिक्षक होते, त्यातले चार फिलिपिनो, आणि ती तुकडी खरं म्हणजे त्या चौघांनी पेललेली होती. सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या शेवटी जायचे आणि पगार माझ्याहूनही कमी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. डिग्रीवर आधी मंत्रालयातला शिक्का, मग दिल्लीचा परराष्ट्र खात्याचा, मग वकिलातीचा. पोलिसांचं प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा. व्हिसा नॉन-इमिग्रंट बी, सुरवातीला 90 दिवसांचा, मग वर्क परमिट हातात आलं की वर्षभराची मुदतवाढ, आणि तिकडच्या शिक्षक परिषदेचा तात्पुरता परवाना. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला जाऊन मी अजून इथेच राहते असं सांगायचं. आणि देशाबाहेर जायच्या आधी री-एन्ट्री परमिट काढायचंच, एका वेळचं 1000 बाथ, नाहीतर सीमा ओलांडली की तो एवढ्या खटपटीने मिळवलेला व्हिसा तिथेच संपतो. म्हणजे जग फिरायला म्हणून घेतलेला कागद आधी तुम्हाला एका गावाला बांधतो. तेव्हा मला याचा राग यायचा.

मी पोचले त्याच्या दोनच आठवडे आधी, 13 ऑक्टोबरला, राजे भूमिबोल गेले होते. सत्तर वर्षं राज्य केलेला माणूस. घरोघरी भिंतीवर त्यांचा फोटो, तीन पिढ्यांनी दुसरा राजाच पाहिलेला नाही. सरकारी नोकरांना वर्षभर काळे कपडे, आमच्या शाळेतही तेच. बाजारात काळं कापड मिळेना, लोक घरातले रंगीत कपडे पातेल्यात उकळून काळे रंगवून घेत होते. माझ्या बॅगेत पिवळे, गुलाबी, मोरपंखी कुर्ते आणि एकच काळा, संक्रांतीला घेतलेला. आईला फोनवर सांगितलं तर तिचा जीव खालीवर, अगं पहिल्याच दिवशी काळं घालून शाळेत? पण त्या काळ्या कुर्त्यात मी उभी राहिले आणि म्हाताऱ्या मुख्याध्यापिका बाईंनी माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडलाच नाही. आमच्याकडे वर्षातून एकदाच कौतुकाने घालायचा रंग तिथे अख्खं गाव रडत घालत होतं, आणि मला कुणी परकी म्हणून वेगळं उभं केलं नाही. टूरिस्ट म्हणून त्या दिवसांत आले असते तर काय दिसलं असतं? बंद पडलेले कार्यक्रम आणि काळ्या कपड्यातली गर्दी.

तर तो प्रश्न. मी उत्तर दिलं दोन वर्षं, वर्गाने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. का बसला नाही ते पंधरा दिवसांनी कळलं. वह्या तपासायला आल्या, त्यात त्या मुलीची गणिताची वही, आणि मागच्या पानावर पेन्सिलीने आखलेला तक्ता. डावीकडे नाव, मध्ये देशाचा छोटासा झेंडा रंगवलेला, उजवीकडे आकडा. इंग्लंड 5. दक्षिण आफ्रिका 4. अमेरिका 2. फिलिपिन्स 9. पुन्हा इंग्लंड 3. आणि सगळ्यात खाली माझं नाव, चुकीच्या स्पेलिंगचं, तिरंगा अगदी नीट, चक्राच्या काड्यासुद्धा काढलेल्या, आणि उजवीकडचा रकाना मोकळा.

पाचवीपासूनचे तिचे गणिताचे शिक्षक होते ते. कुणी ऑक्टोबरच्या सुट्टीत बेटांवर गेलं आणि परत आलंच नाही, कुणाला दुसऱ्या देशात जास्त पगाराची नोकरी मिळाली, कुणी नुसताच कंटाळला. प्रत्येकाने नव्याने अपूर्णांकांपासून सुरवात केलेली, कारण आधीच्याने कुठवर आणलं ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून त्या वर्गाला अपूर्णांकांची बेरीज झोपेतही यायची आणि ऋण संख्या मात्र बघितलेल्याच नाहीत. मी ती वही टेबलावर ठेवून किती वेळ बसले माहीत नाही. माडीवरच्या त्या नकाशात जे प्रत्येक देशाला दोन-दोन वर्षं वाटून ठेवली होती ना, त्या प्रत्येक ठिकाणी असा एक वर्ग असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण नोकरी सोडून पुढच्या देशात जातो, फोटो टाकतो, लोक धाडसाचं कौतुक करतात. त्या धाडसाची किंमत कुणाच्यातरी वहीच्या मागच्या पानावर लिहिली जाते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, ही तुकडी नववी पास होईपर्यंत हलायचं नाही.

आणि मग मजा सुरू झाली. खरंच सांगते, जे बघायला निघाले होते त्याहून जास्त त्या वर्गात बसून बघितलं.

एके दिवशी एका मुलाचं थाई पुस्तक चाळत होते, मला अक्षर एक कळत नव्हतं, म्हणून सहज विचारलं धड्याचं नाव काय. तो म्हणाला, "फीचखनित." मी म्हटलं, परत म्हण. "फीच-खनित." बीजगणित! माझ्या अंगावर काटा आला. मग मी वर्गाला कामालाच लावलं, भूमितीला काय म्हणता? रेखाखनित. वरच्या वर्गात ते साइन-कोसाइन असतं त्याला? त्रीकोनमिति. समीकरणाला समकान, गणिताला खनित, शून्याला सून. अपूर्णांक वाचताना अंशाच्या आधी सेत म्हणतात, तो आपला शेष. मी फळ्याच्या एका बाजूला देवनागरीत लिहीत होते आणि एक मुलगा शेजारी थाई लिपीत, वर्ग टाळ्या वाजवत होता आणि मला तिथे रडू येईल असं वाटत होतं. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी कुठल्या कुठल्या बोटीतून, पोथ्यांतून, भिक्षूंच्या तोंडून तिथवर गेले असतील, आणि मी कराडची मुलगी तेच गणित इंग्रजीतून शिकवायला विमानाने गेले होते.

एकदा कान उघडले की मग सगळीकडे तेच ऐकू यायला लागलं. प्राथमिक म्हणजे प्रथोम, माध्यमिक म्हणजे मत्थयोम. मंगळवार म्हणजे वान अंगखान, अंगारकीतला अंगारक. महिन्यांची नावं तर सगळी राशींची, मकरा, कुंफा, मीना, मेसा, आणि गंमत म्हणजे 30 दिवसांच्या महिन्याच्या शेवटी योन, 31 दिवसांच्याला खोम, म्हणजे मुठीवरची हाडं मोजत बसायला नको, नावातच दिवस कळतात. थायलंडच्या ज्या भागात मी राहत होते त्याला ईसान म्हणतात, तो देशाच्या ईशान्येला आहे आणि शब्दही तोच. खानावळीत मांस नको म्हणून सांगायचा शब्द मांगसविरत, मांसविरती! हा शब्द मला तीन महिने उपाशी राहिल्यावर कळला असता तरी मी कृतज्ञच राहिले असते, पण तो दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या कँटीनवाल्या मावशींनी शिकवला, आणि त्या दिवसापासून माझ्या पपईच्या सोमतममध्ये त्यांनी माशाचं पाणी घातलं नाही. वेगळा खलबत्ता ठेवला होता माझ्यासाठी. मातीचा, त्याच्या कडेला लाल दोरा बांधलेला, चुकून दुसऱ्या कुणाचं त्यात कुटलं जाऊ नये म्हणून. चिकट भाताचा छोटा गोळा हाताने वळून त्याबरोबर खायचा, भाकरीच्या तुकड्याने कोरड्यास उचलतो तसा.

जूनमधल्या एका गुरुवारी वाय ख्रू असतं, गुरुवंदना. दिवस गुरुवारच, हे सुद्धा बघा. मुलं आदल्या दिवशी बसून केळीच्या पानांचे, फुलांचे तबक करतात, प्रत्येक वर्गाचं वेगळं. त्यात तीन गोष्टी लागतातच, एक्झोराची फुलं, म्हणजे सुईसारख्या टोकदार कळ्या, बुद्धी तशी व्हावी म्हणून. वांग्याची फुलं, ती खाली मान घालून असतात, नम्रता म्हणून. आणि एक गवत, पायाखाली तुडवलं तरी परत उगवतं, पसरत जातं, तसं शिक्षण पसरावं म्हणून. एक पोरगा ते गवत हातात घेऊन मला समजावत होता आणि मी बघतेय तर ती दूर्वा! आमच्या परसात गणपतीत निवडत बसायचो ती दूर्वा, तीच तीन पानांची. मग त्याच हॉलमध्ये मला इतर शिक्षकांच्या ओळीत खुर्चीवर बसवलं आणि सातवी-आठवीची मुलं गुडघ्यांवर सरकत सरकत पुढे आली, कपाळ जमिनीला टेकवलं, तबक माझ्या हातात दिलं. मी शिक्षक होऊन सहा वर्षं झाली होती. शिक्षक असणं ही एवढी जड गोष्ट आहे हे मला त्या दिवशी हातातल्या तबकाच्या वजनाने कळलं.

फिरले नाही असं नाही. ऑक्टोबरची तीन आठवड्यांची सुट्टी आणि मार्च-मे मधले दोन महिने माझे होते. सुरीनहून छोंग चोमची सीमा ओलांडून कंबोडियातल्या अंकोरची देवळं बघायला गेले, उबोनहून लाओसमध्ये पाक्सेला, तिथून वाट फूच्या जुन्या देवळाला, एकदा हनोई ते साइगोन पूर्ण रेल्वेने. छान होतं सगळं. पण अंकोरमध्ये तीन दिवस पहाटे उठून गर्दीत उभी राहिले त्यातलं आज जेवढं आठवतं त्याहून जास्त मला बुरीरामचं फानोम रुंग आठवतं, कारण ते मला माझ्या वर्गाने दाखवलं.

फानोम रुंग हे शंकराचं देऊळ, कंबोडियाच्या जुन्या ख्मेर राजवटीतलं, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर. शाळेची सहल होती. बस खाली थांबली आणि मुलं मला ओढतच वर घेऊन गेली, तांबूस दगडाच्या पायऱ्या, मग नागांचे कठडे. देवळाचे पंधरा दरवाजे एका रेषेत आहेत, वर्षातून ठरावीक दिवशी, एप्रिलच्या सुरवातीला आणि सप्टेंबरमध्ये, उगवता सूर्य पंधराही दारांतून आरपार दिसतो, ते मला दोन मुलांनी चक्क दोरी धरून समजावलं. आणि दारावरची पट्टी, शेषशायी विष्णू, नाभीतून कमळ आणि त्यावर ब्रह्मदेव. ती पट्टी 1960च्या दशकात चोरीला गेली होती आणि पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सापडली, थाई लोकांनी मोठं आंदोलन केलं तेव्हा 1988 साली परत आली. ही गोष्ट मला कोणी सांगितली? त्याच मागच्या बाकावरच्या मुलीने. एरवी वर्गात हळू बोलणारी, पण तिथे त्या पट्टीखाली उभी राहून हातवारे करत, इंग्रजी, थाई आणि त्यांची ईसानची बोली मिसळून, जणू काही चोर तिच्या घरात शिरला होता. "ओन्ली वन केम बॅक, ख्रू," ती म्हणाली, बाकीचं बरंच काही गेलं ते गेलंच. तिकडून निघून गेलेलं परत येणं ही तिच्या लेखी मोठी गोष्ट होती. पहिल्या ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर मी शाळेच्या गेटातून आत आले तेव्हा ती झेंड्याच्या रांगेतून मान वळवून बघत राहिली होती, ते मला तिथे आठवलं.

तर ज्या मुली विचारतात त्यांना माझं प्रामाणिक म्हणणं असं आहे, जा. नक्की जा. पण करार वर्षाचा असेल तर वर्ष पूर्ण करा, सत्राच्या मध्ये कितीही चांगली ऑफर आली तरी सोडू नका, आणि निघताना कुठवर शिकवलं ते पुढच्या माणसासाठी स्वच्छ लिहून ठेवा, प्रकरण, पान, कोण कुठे अडतंय सगळं. शिकवायची मनापासून इच्छा नसेल तर पैसे साठवून फिरायलाच जा, त्यात काही वाईट नाही, टूरिस्ट व्हिसा असतोच की. वर्ग मात्र मध्ये आणू नका. मला हे सांगताना जरा आवाज चढल्यासारखा होतो, घरचे म्हणतात, होऊ दे.

मार्च 2019 मध्ये माझी तुकडी नववी झाली. मी ठरवल्याप्रमाणे तेव्हाच निघाले. बाबांची बायपास ठरली होती आणि तसंही पुढच्या वर्गाला गणिताचे दुसरे शिक्षक होते, फिलिपिन्सचेच, पक्के. शेवटच्या दिवशी तिथे मुलं एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर मार्करने लिहितात, शुभेच्छा, नावं, चित्रं, शर्ट निळा-काळा होईपर्यंत. माझ्यापुढे रांग लागली. सगळ्यांना नाव देवनागरीत हवं होतं. बँक, आइस, गोल्फ, अशी तिकडे मुलांची लाडाची नावं असतात, ती मी पाठींवर लिहीत गेले, शिरोरेघ देताना प्रत्येक जण गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा.

ती सगळ्यात शेवटी आली. शर्ट पुढे केला नाही, सातवीतली ती वही काढली. कोपरे गोल झालेले, मागचं पान सुटायला आलेलं. मी म्हटलं, थांब, मीच सांगते, नोव्हेंबर 2016 ते मार्च 2019, बोटं मोजली, एकोणतीस. तिने मान हलवली, नाही. पेन्सिल घेऊन तिथेच कडेला मांडायला लागली. दोन एप्रिल वजा. दोन मे वजा. दोन ऑक्टोबर वजा. मी म्हटलं अगं पण तेव्हा माझी नोकरी चालूच होती की, पगार येत होता.

"ख्रू पाय थिआव," ती म्हणाली. टीचर फिरायला गेली होती.

आणि मोकळ्या रकान्यात तिरंग्याच्या पुढे तिने लिहिलं, 23.